चालकाच्या आसनावरून साउंड स्टेज (समोर भासणारा आवाजाचा मंच) डॅशबोर्डच्या मध्यावर कसा आणावा?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेली एक हॅचबॅक आहे. तिच्या मूळच्या म्युझिक सिस्टीममध्ये बेस, मिड, ट्रेबल, बॅलन्स (डावी-उजवी बाजू) आणि फेडर (पुढची-मागची बाजू) एवढ्याच सोयी आहेत. मागच्या दिवाळीत मी पुढच्या दोन दारांत साडेसहा इंचांचे कंपोनंट स्पीकर, म्हणजे खालच्या-मधल्या स्वरांचा वूफर आणि वरच्या स्वरांचा ट्विटर वेगवेगळे असलेले, बसवून घेतले. त्यांचे ट्विटर साइड मिररच्या आतल्या बाजूला असलेल्या प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर लावले आहेत. डिकीत अगदी खालच्या स्वरांसाठी दहा इंचांचा सबवूफर आहे आणि चार चॅनेलच्या अ‍ॅम्प्लिफायरचे दोन चॅनेल पुढच्या स्पीकरांना, तर उरलेले दोन एकत्र करून सबवूफरला दिले आहेत. मागच्या दारांतले मूळचे स्पीकर तसेच सुरू आहेत. एकूण खर्च ३८,००० रुपये झाला.

नाशिक ते सिन्नर असा माझा रोजचा प्रवास असतो आणि त्या वेळात मी मुख्यतः ख्यालगायन व नाट्यसंगीत ऐकतो. आवाज पूर्वीपेक्षा मोठा आणि स्वच्छ झाला हे खरे. परंतु गायक माझ्या उजव्या गुडघ्यापाशी, दाराच्या आत बसून गातो आहे असे वाटते आणि ठेक्यातला बायाँ (डग्गा) मात्र पाठीमागून, डिकीतून येतो. शेजारच्या आसनावर बसून पाहिले तर तोच गायक डाव्या दारात जातो. बॅलन्स डावीकडे सरकवला की आवाज गुडघ्यापासून सुटतो, पण कोठे एका जागी न थांबता पातळ होऊन पसरतो. घरी दोन लहान स्पीकर दोन मीटरवर ठेवून हेच ध्वनिमुद्रण ऐकले असता गायक बरोबर मध्यभागी दिसतो, म्हणजे दोष ध्वनिमुद्रणाचा नाही. आणखी एक गोष्ट मला कळत नाही: नव्या स्पीकरांतून दारांचा बेस जुन्या स्पीकरांपेक्षाही कमी वाटतो. दुकानदाराने अधिक शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा सल्ला दिला आहे. पुन्हा खर्च करण्यापूर्वी मूळ कारण समजून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. कोणत्या क्रमाने काय करावे?

समांतर (पुणे)

नमस्कार गोदाकाठ. अधिक शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर घेतल्याने गायक जागचा हलणार नाही. तो त्याच दारातून अधिक मोठ्याने गाईल एवढेच. आपल्या गाडीतला मुख्य प्रश्न शक्तीचा नसून अंतराचा आणि त्यामुळे पडणाऱ्या वेळेच्या फरकाचा आहे.

घरी आपण दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावर बसता. गाडीत ते शक्य नसते. कापडी टेप घ्या आणि आपले डोके नेहमीच्या जागी ठेवून दुसऱ्या कोणाकडून प्रत्येक स्पीकरच्या मध्यापासून आपल्या दोन भुवयांच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून घ्या. माझ्या गाडीचे आकडे उदाहरणादाखल देतो: उजवा वूफर ९२ सेंटीमीटर, डावा वूफर १४३, उजवा ट्विटर ८८, डावा ट्विटर १२७ आणि डिकीतला सबवूफर २०५. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४.४ सेंटीमीटर जातो. दोन वूफरांतला ५१ सेंटीमीटरचा फरक याचा अर्थ डाव्या दाराचा आवाज १.४८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हा काळ क्षुल्लक वाटला तरी कानासाठी तो फार मोठा आहे, कारण एखादा ध्वनी अगदी एका बाजूने आला तरी आपल्या दोन कानांमधला नैसर्गिक फरक जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. बॅलन्सचे बटण फक्त आवाजाची पातळी बदलते. उशीर जसाच्या तसा राहतो. म्हणूनच पातळी एक बाजू सांगते आणि वेळ दुसरी, आणि आपल्याला जाणवलेला तो पसरटपणा निर्माण होतो.

या अंतराचा दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे. ज्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीएवढा हा ५१ सेंटीमीटरचा फरक असतो, तो स्वर दोन्ही दारांतून सारखाच निघाला तरी आपल्या डोक्यापाशी उलट्या कलांत (एकाचा चढ तेव्हा दुसऱ्याचा उतार) भेटतो आणि क्षीण होतो. हिशेब केला तर तो ३३७ हर्ट्झच्या आसपास येतो. हार्मोनियमच्या मधल्या पांढरी एकला, म्हणजे सुमारे २६१ हर्ट्झला, षड्ज मानले तर ही जागा शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम यांच्या मधोमध पडते. आपण ख्याल ऐकता, तेव्हा आवाजाच्या ऐन भरीच्या जागी हा खड्डा पडतो हे ध्यानात घ्या. इक्वलायझरने तो पट्टा कितीही उचलला तरी खड्डा भरत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच वाढतात आणि सारख्याच एकमेकींना खोडतात.

उपाय म्हणजे डीएसपी, अर्थात प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र विलंब, स्वतंत्र क्रॉसओव्हर (स्वरांचे पट्टे वेगळे करणारी गाळणी) आणि स्वतंत्र इक्वलायझर देणारा प्रोसेसर. सर्वांत दूरच्या स्पीकरला शून्य विलंब देऊन जवळच्यांना थांबवायचे असते. वरच्या आकड्यांनुसार सबवूफर ०, डावा वूफर १.८०, डावा ट्विटर २.२७, उजवा वूफर ३.२८ आणि उजवा ट्विटर ३.४० मिलिसेकंद. आपल्या सध्याच्या रचनेत ट्विटर आणि वूफर एकाच चॅनेलवर पॅसिव्ह क्रॉसओव्हरने जोडलेले असल्यामुळे त्यांना वेगवेगळा विलंब देता येणार नाही. त्यामुळे चार चॅनेलचा, स्वतःचे अ‍ॅम्प्लिफायर असलेला आणि सबवूफरसाठी वेगळे आउटपुट देणारा डीएसपी घ्या, त्यावर दोन ट्विटर आणि दोन वूफर स्वतंत्रपणे चालवा आणि आपला आताचा अ‍ॅम्प्लिफायर केवळ सबवूफरसाठी ठेवा. क्रॉसओव्हर प्रारंभी असे लावावेत: सबवूफर ८० हर्ट्झच्या खाली, वूफर ८० ते ३००० हर्ट्झ, ट्विटर ३००० हर्ट्झच्या वर, सर्व उतार प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबल. ट्विटर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडताना संरक्षणासाठी मालिकेत एक कपॅसिटर अवश्य ठेवावा, कारण मांडणीतली एक चूक किंवा सुरू होतानाचा एक ठोका त्याची कॉइल जाळू शकतो.

मागच्या दारांचे स्पीकर मात्र आजच फेडरने बंद करून पाहा. पाठीमागून येणारा पूर्ण पट्ट्याचा आवाज समोरचा मंच मागे ओढतो.

बारा व्होल्ट (कोल्हापूर)

समांतर यांचे सर्व विवेचन मान्य आहे, परंतु क्रम बदलावा असे मला वाटते. अठरा वर्षे मी गाड्यांत हेच काम करतो आणि डीएसपी लावूनही समाधान न झालेल्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांचा दोष दारात सापडतो. दार दुरुस्त नसेल तर डीएसपी चुकीचाच आवाज अचूक वेळी पोहोचवतो.

दारांचा बेस पूर्वीपेक्षा कमी झाला, हे आपले वाक्य वाचून माझी पहिली शंका पोलॅरिटीवर गेली आहे. एका दारातल्या वूफरच्या धन-ऋण तारा उलट्या जोडल्या गेल्या असतील तर एक शंकू बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, खालचे स्वर एकमेकांना खोडतात आणि मध्यभागी कधीही काही उभे राहत नाही. तपासण्याची पद्धत सोपी आहे. वूफरच्या तारा क्रॉसओव्हरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर त्यांना लावा. सेलचे धन टोक तारेच्या धन टोकाला असताना शंकू बाहेर उचलला गेला पाहिजे. दोन्ही दारांत हे एकसारखे व्हायला हवे. ट्विटरवर हा प्रयोग करू नये.

त्यानंतर दाराची आतली जाळी आणि पॅनेल उघडून वूफर कशावर बसवला आहे ते पाहा. पुष्कळदा मूळच्या स्पीकरच्या जागी पातळ प्लास्टिकची कडी ठेवून नवा वूफर त्यावर दोन-तीन स्क्रूंनी अडकवलेला असतो. शंकूच्या मागच्या बाजूचा आवाज त्या फटींतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. कडी जाड, ताठ आणि चहूबाजूंनी हवाबंद असली पाहिजे. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) कडी आमच्याकडच्या पावसात दोन वर्षांत फुगते, म्हणून मी एबीएस प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची वापरतो. वूफर बसवण्यापूर्वी काच पूर्ण खाली उतरवून चुंबक तिला लागत नाही ना, याचीही खात्री करावी.

दाराच्या आतल्या पत्र्यात कारखान्यात काम करण्यासाठी मोठी भोके ठेवलेली असतात आणि त्यांवर एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. बाहेरच्या पत्र्याच्या आतील बाजूला ब्युटिल रबराची, अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली पट्टी लावावी आणि आतल्या पत्र्याची भोके ताठ पत्र्याने बंद करून त्यावरही तीच पट्टी चढवावी. तेव्हा दार पेटीसारखे वागू लागते. डांबरी पट्टी स्वस्त मिळते, पण विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ती मऊ होते, घसरते आणि वास सोडते. मी एका गाडीतली अशी पट्टी खरवडून काढण्यात पूर्ण दिवस घालवला आहे.

येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. काचेवरून आत उतरणारे पावसाचे पाणी दाराच्या तळाशी असलेल्या लहान खाचांतून बाहेर पडते. त्या खाचा कोणत्याही पट्टीने झाकता कामा नयेत. झाकल्या तर पहिल्याच पावसाळ्यात दारात पाणी साचते आणि पत्रा आतून गंजतो.

ट्विटर उचलून पुढच्या काचेलगतच्या खांबात, म्हणजे ए पिलरमध्ये, बसवावेत असा सल्ला आपल्याला मिळेल. आपल्या गाडीत कर्टन एअरबॅग (खिडक्यांच्या बाजूने उघडणाऱ्या हवेच्या पिशव्या) असतील तर तो खांब कापू नये व त्यावर काहीही चिकटवू नये. ती पिशवी उघडण्याच्या मार्गात ठेवलेली वस्तू अपघाताच्या क्षणी डोक्याच्या दिशेने फेकली जाते. आपली आताची त्रिकोणी जागा सुरक्षित आहे आणि साउंड स्टेजच्या दृष्टीनेही वाईट नाही.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मुख्य तारेला बॅटरीपासून साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज आहे का, हेही याच वेळी पाहून घ्या. डीएसपी जोडताना मूळच्या तारा कापू देऊ नका. आपल्या मॉडेलसाठी दोन्ही बाजूंना कपलर असलेली तयार हार्नेस, म्हणजे तारांची जुडी, मिळते.

जवारी (मुंबई)

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून वरील दोघांनी सांगितलेल्या कामानंतर कानाने तपासणी कशी करावी याविषयी लिहितो.

समांतर यांनी सांगितलेल्या वेळेच्या परिणामाचा पाया जुना आहे. खालचे स्वर आपण दोन कानांतल्या वेळेच्या फरकाने आणि वरचे स्वर पातळीच्या फरकाने ओळखतो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडले; या दोहोंची सीमा साधारण १५०० हर्ट्झच्या परिसरात येते. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर जो आधी पोहोचतो त्याचीच दिशा कान खरी मानतो, याचा सविस्तर अभ्यास जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात केला. फरक एका मिलिसेकंदाच्या आत असेल तर प्रतिमा थोडी सरकते. त्यापलीकडे गेला की ती जवळच्या स्पीकरला चिकटून बसते. गाडीतला दीड मिलिसेकंदांचा फरक नेमका या सीमेपलीकडे पडतो. तुमचा गायक दारात जाऊन बसण्याचे कारण हेच आहे.

तपासणीसाठी माझा पहिला आग्रह मोनो ध्वनिमुद्रणाचा आहे आणि या बाबतीत मराठी श्रोता भाग्यवान आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेले जुने नाट्यसंगीत आपल्यापैकी अनेकांकडे असते. त्यात डावे-उजवे असे काही नसतेच, त्यामुळे गायक, ऑर्गन आणि तबला हे सर्व डॅशबोर्डच्या वर एकाच अरुंद जागेतून यायला हवे. आवाज एका जागी आणि तबला दुसऱ्या जागी ऐकू आला, तर डाव्या आणि उजव्या बाजूचा प्रतिसाद एकसारखा नाही असे निश्चित समजावे. फक्त उतरवलेल्या प्रतीत नंतर कृत्रिम स्टिरिओ मिसळलेला नसावा, एवढी काळजी घ्या. काही प्रतींत तो असतो आणि मग परीक्षाच चुकते.

दुसरी पायरी मोनो पिंक नॉइजची, म्हणजे सर्व सप्तकांत समान शक्ती असलेल्या चाचणीच्या खळखळाटाची. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यांत तो वाजवावा आणि प्रत्येक पट्टा कोठून येतो हे डोळे मिटून, अर्थात उभ्या गाडीत, बोटाने दाखवावे. जो पट्टा मध्यापासून ढळेल, त्या पट्ट्यात एका बाजूची पातळी कमी करावी. वाढवण्यापेक्षा कमी करणे नेहमी हिताचे असते. मोजमाप करायचे असेल तर यूएसबी मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मायक्रोफोन एका जागी न ठेवता डोक्याच्या जागेभोवती हळूहळू फिरवून सरासरी घ्यावी, कारण गाडीत दोन बोटांच्या अंतरावरही आलेख बदलतो. आणि आलेख सपाट करण्याच्या मागे लागू नये. खालच्या स्वरांपासून वरच्या स्वरांकडे सौम्य उतार असलेला आलेखच गाडीत नैसर्गिक वाटतो.

बायाँ पाठीमागून येतो या तक्रारीविषयी: ८० हर्ट्झच्या खाली कानाला दिशा जवळपास कळत नाही. तरीही सबवूफर मागे असल्याचे जाणवते, कारण त्याच्यामुळे डिकीचे झाकण, नंबर प्लेट आणि मागचा ट्रे खडखडतात आणि त्या खडखडाटात वरचे स्वर असतात. नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी लावा. बायाँच्या घुमाऱ्याचा वरचा भाग, घिस्सा, बोटांचा आघात हे सारे पुढच्या वूफरांतून येते. दार बंदिस्त झाले आणि वेळ जुळली की कान खालच्या भागालाही त्याच्याशी जोडून पुढेच ऐकतो. प्रत्यक्ष बैठकीत श्रोत्यांच्या बाजूने पाहता तबला बहुधा डावीकडे आणि हार्मोनियम उजवीकडे असते, परंतु ध्वनिमुद्रणात ती मांडणी पाळलेली असेलच असे नाही. म्हणून घरच्या स्पीकरांवर जे वाद्य जेथे ऐकू येते, तेच प्रमाण मानावे.

तानपुऱ्याकडेही लक्ष द्या. चांगल्या स्टिरिओ मुद्रणात त्याची आस गायकाच्या मागे, रुंद आणि अखंड पसरलेली असते. ती एका ट्विटरमधून ठिबकताना ऐकू आली तर काम अपुरे आहे.

गोदाकाठ (नाशिक)

आपण तिघांनीही वेळ काढून लिहिले याबद्दल मनापासून आभार. सहा आठवड्यांनी उत्तर देत आहे, कारण आपण सांगितलेला क्रम मी पाळला आणि प्रत्येक टप्प्यानंतर काही दिवस ऐकले.

बारा व्होल्ट यांची शंका खरी ठरली. डाव्या वूफरच्या तारा उलट्या होत्या. त्या सरळ करताच, एक रुपयाही खर्च न होता, दारांचा बेस परत आला. त्यानंतर दोन्ही दारांना ब्युटिल लावले, अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या बसवल्या आणि पाण्याच्या खाचा उघड्या आहेत हे बादलीभर पाणी ओतून पाहिले. मागचे स्पीकर बंद केले. शेवटी हार्नेससह डीएसपी घेतला. माझ्या गाडीत वूफरांचा फरक ४८ सेंटीमीटर निघाला. विलंब भरून पहिल्यांदा जुने मोनो नाट्यपद लावले, तेव्हा गायक दारातून उठून समोरच्या काचेखाली येऊन उभा राहिला. मी कितीतरी वेळ गाडी तशीच उभी ठेवून ऐकत राहिलो.

दोन प्रश्न राहिले आहेत. गायकाचा आवाज मध्यावर आहे, परंतु ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे किंचित उजवीकडून येतात. दुसरे असे की रविवारी पत्नी शेजारी बसते आणि तिला सर्व संगीत डाव्या दारातून, पूर्वीपेक्षाही अधिक, ऐकू येते. यावर गुडघ्यांच्या पुढे, पायाजवळच्या किक पॅनेलमध्ये स्पीकर बसवावेत असे काही परदेशी लेखांत वाचले. ते करावे का?

समांतर (पुणे)

‘स’ची शक्ती मुख्यतः ५००० हर्ट्झच्या वर आणि ‘श’ची त्याहून काहीशी खाली असते, म्हणजे ती बहुतांशी ट्विटरमधून येतात आणि जवारी यांनी लिहिल्याप्रमाणे त्या उंचीवर कान वेळेपेक्षा पातळीवर अधिक विसंबतो. आपला उजवा ट्विटर जवळ आहे आणि त्याचा आवाज बाजूच्या काचेवरूनही परावर्तित होतो. विलंबाला हात लावू नका. उजव्या ट्विटरची पातळी अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने खाली आणा आणि अक्षर व आवाज एकाच तोंडातून येऊ लागले की थांबा.

दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर दोन स्पीकरांत नाही. एका डोक्यासाठी जुळवलेली वेळ दुसऱ्या डोक्यासाठी दुप्पट बिघडते. आपल्या डीएसपीत एकाहून अधिक मांडण्या साठवता येत असतील तर दुसरी मांडणी विलंब काढून, दोन्ही बाजू समान ठेवून साठवा आणि रविवारी तीच वापरा. त्यात कोणालाही अचूक मध्य मिळणार नाही, पण दोघांवर अन्याय सारखाच होईल.

बारा व्होल्ट (कोल्हापूर)

किक पॅनेलविषयीचे ते लेख बहुधा डावीकडे चालक असलेल्या देशांतले आहेत. तेथे चालकाच्या दाराकडील बाजूला पायाला विसावा देण्याची जागा असते आणि अ‍ॅक्सिलरेटर गाडीच्या मध्याकडे असतो. स्पीकर दूर गेल्यामुळे दोन्ही बाजूंच्या अंतरांतला फरक खरोखर कमी होतो, त्यामुळे त्यांचा सल्ला त्यांच्या गाड्यांसाठी योग्य आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसला तरी पेडलांचा क्रम तोच राहतो, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर उजव्या किक पॅनेलला लागून येतो. तेथे पेटी बसवली तर उजव्या पायाची हालचाल अडते. मी हे काम मागणी आली तरी करत नाही आणि आपणही कोणाकडून करून घेऊ नये.

गोदाकाठ (नाशिक)

किक पॅनेलचा विचार सोडून दिला आहे. उजवा ट्विटर अडीच डेसिबलने खाली आणल्यावर ‘श’ जागेवर आला. रविवारची मांडणी दुसऱ्या क्रमांकावर साठवली आहे. पत्नीला आवाज आता दारातून नव्हे, तर तिच्या समोरून, जरासा डावीकडून ऐकू येतो. नंबर प्लेटमागचा फोम या आठवड्यात लावणार आहे.